विहिरीतले पाणी कोणत्या सालच्या पावसाचे?



पाऊस किती पडला हे आपण मिलिमीटरने सांगतो. विहिरीला पाणी किती आहे हे परसाने किंवा फुटाने सांगतो. परंतु पडलेल्या पावसापैकी जमिनीत किती मुरले आणि विहिरीत आज दिसणारे पाणी कोणत्या सालच्या पावसाचे आहे, हे कोणी विचारले तर आपण गप्प बसतो. पाण्यावर साल लिहिलेले नसते, असे आपणास वाटते.

खरे सांगावयाचे तर ते लिहिलेले असते. पावसाच्या प्रत्येक थेंबातून काही अतिसूक्ष्म किरणोत्सर्गी अणू जमिनीवर उतरतात. ते कोणत्याही कारखान्यातून आलेले नसून निसर्गातच तयार होतात. ते ठराविक वेगाने झिजत जातात आणि त्या झिजेवरून पाण्याचे वय काढता येते. ज्या भागात पाऊस थोडा आणि बेभरवशाचा, त्या भागाला या विद्येचा विशेष उपयोग आहे. बीदर व कलबुर्गी हे आपले दोन्ही जिल्हे अशाच भागात मोडतात. म्हणून हा विषय आज थोडा सविस्तर पाहू.

किरणोत्सर्गी म्हणजे काय?

एकाच मूलद्रव्याचे काही अणू वजनाने हलके व काही जड असतात. एकाच घरातील भावंडांनी एकच आडनाव लावावे, पण अंगाने एक सडपातळ व दुसरा थोराड असावा, तसे हे आहे. या भावंडांना शास्त्रात समस्थानिक किंवा आयसोटोप म्हणतात. त्यांपैकी काही स्थिर असतात, तर काही अस्थिर असतात. अस्थिर अणू केव्हातरी फुटतो, त्यातून किरण बाहेर पडतो आणि तो दुसऱ्याच मूलद्रव्याचा अणू होऊन बसतो. हाच किरणोत्सर्ग.

कोणता एक अणू केव्हा फुटेल हे सांगता येत नाही. पण पुष्कळ अणू एकत्र घेतले तर त्यांतले निम्मे किती काळात फुटतील हे पक्के ठरलेले असते. त्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. कणगीत शंभर पायली ज्वारी आहे आणि दर वर्षी उरलेल्यातली निम्मी किडीने जाते असे समजा. मग पहिल्या वर्षाअखेर पन्नास, दुसऱ्या वर्षाअखेर पंचवीस, तिसऱ्या वर्षाअखेर साडेबारा पायली उरेल. आज किती पायली उरली हे मोजले की ज्वारी कधी भरली ते सांगता येते. पाण्याचे वयही याच रीतीने काढतात.

हे अणू पावसात येतात कोठून?

यांच्या येण्याच्या वाटा दोन आहेत.

पहिली वाट जमिनीतून. खडकात व मातीत युरेनियमचा अल्प अंश सर्वत्र असतो. त्याच्या झिजेतून रेडॉन नावाचा वायू निघतो आणि मातीच्या फटींतून हवेत मिसळतो. रेडॉनपासून पुढे शिसे व बिस्मथ यांचे किरणोत्सर्गी अणू होतात, ते हवेतील धुळीला चिकटतात आणि पावसाबरोबर खाली येतात. त्यांतले काही अर्ध्या तासाच्या आतच निम्मे होतात. ब्रिटनमध्ये सी. टी. आर. विल्सन या शास्त्रज्ञाने १९०२ साली नुकतेच पडलेले पावसाचे पाणी आटवले. भांड्याच्या तळाशी राहिलेला अंश किरणोत्सर्गी असल्याचे त्याला आढळले. सुमारे अर्ध्या तासात त्याचा जोर निम्म्यावर आला. पाऊस किरणोत्सर्गी असतो हे त्या वेळी प्रथम कळले.

दुसरी वाट आकाशातून. व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९१२ साली बलूनमधून पाच हजार मीटरांहून उंच जाऊन दाखवून दिले की, बाहेरच्या अवकाशातून काही किरण पृथ्वीवर सतत येत असतात. त्यांना विश्वकिरण म्हणतात. हवेच्या वरच्या थरात हे किरण नायट्रोजन, ऑक्सिजन व आर्गॉन यांच्या अणूंवर आदळतात आणि त्यांचे तुकडे करतात. त्या तुकड्यांतून नवे किरणोत्सर्गी अणू जन्मतात. बेरिलियम-७ नावाचा अणू ५३ दिवसांत निम्मा होतो. फॉस्फरस-३२ चौदा दिवसांत, फॉस्फरस-३३ पंचवीस दिवसांत, तर गंधक-३५ सत्त्याऐंशी दिवसांत निम्मे होते. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचे सर्वांत जड भावंड. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५७३० वर्षे.

यांत ट्रिटियमची गोष्ट निराळी आहे. इतर बहुतेक अणू धुळीला चिकटून येतात, पण ट्रिटियम हायड्रोजनच असल्यामुळे त्याचे पाणीच होते. ते पाण्यात मिसळलेले नसून स्वतःच पाणी असते. म्हणून पाणी जेथे जाईल तेथे ते जाते, मातीत अडकून पडत नाही, गाळल्याने निघत नाही. पाण्याचा माग काढायला याहून चांगला साक्षीदार नाही.

मुंबईच्या पावसाची मोजणी

हे काम आपल्या देशात फार लवकर सुरू झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. डॉ. होमी भाभा यांनी स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या काळी मुंबईस गेटवे ऑफ इंडियाजवळ जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. भाभांचा स्वतःचा विषय विश्वकिरण हाच होता. तेथे देवेंद्र लाल, पी. एस. गोयल, रामा व त्यांचे सहकारी यांनी पावसाच्या पाण्यातले हे अणू शोधण्यास घेतले.

१९५५ साली अमेरिकेत शिकागो येथे अर्नोल्ड व अल-सालिह यांनी पावसात बेरिलियम-७ असल्याचे दाखवले होते. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, मुंबईच्या या मंडळींनी पावसातील बेरिलियमवर आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी गोयल यांनी पावसाच्या पाण्यातील किरणोत्सर्गी गंधकाचा शोध जाहीर केला. १९५७ साली लाल व सहकाऱ्यांनी फॉस्फरसच्या दोन्ही भावंडांवर लिहिले. विषुववृत्ताजवळच्या उष्ण प्रदेशातील पावसात हे अणू किती उतरतात याची पद्धतशीर माहिती अशा रीतीने आपल्या देशातून जगाला मिळाली.

मोजणी कशी करतात तेही पाहू. एका लोट्यातील पाण्यात हे अणू इतके थोडे असतात की ते मोजता येत नाहीत. म्हणून पावसाचे पुष्कळ पाणी गोळा करावे लागते. त्यात साधे, किरणोत्सर्गी नसलेले बेरिलियम किंवा फॉस्फरस मुद्दाम थोडे टाकतात. विरजण लावल्यावर दूध एकत्र धरते, तसे हे साधे द्रव्य रासायनिक क्रियेने खाली बसताना आपल्या किरणोत्सर्गी भावंडालाही बरोबर घेऊन बसते. तो साका शुद्ध करून शिशाच्या जाड भिंतींच्या पेटीत ठेवतात. पेटी अशासाठी की बाहेरचे किरण आत येऊन मोजणीत भर घालू नयेत. मग आतील यंत्र एकेक अणू फुटला की एकेक ठोका मोजते. तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, हे ठोके मोजत बसावे लागते.

ट्रिटियम मोजण्याची रीत वेगळी आहे. पाण्यातून वीज सोडली की पाण्याचा हायड्रोजन व ऑक्सिजन होऊन तो उडून जातो. पण हलका हायड्रोजन आधी उडतो आणि जड ट्रिटियम मागे राहते. अशा रीतीने अर्ध्या लिटरचे पाणी काही मिलिलिटरवर आणले की त्यात ट्रिटियम दाट होते आणि मग ते मोजता येते. त्याचे मापही लक्षात राहण्यासारखे आहे. एकावर अठरा शून्ये इतक्या हायड्रोजनच्या अणूंत ट्रिटियमचा एक अणू असला की त्याला एक ट्रिटियम एकक म्हणतात. निसर्गतः पावसात अशी थोडीच एकके असतात.

१९६०–६१ पासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था व जागतिक हवामान संघटना यांनी देशोदेशींच्या पावसाचे नमुने गोळा करून ही मोजणी सुरू केली. त्यात मुंबई व नवी दिल्ली येथील पावसाचाही समावेश होता.

कोरड्या भागात काय वेगळे?

कोरडवाहू भागातील पावसाची मोजणी करताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली, बऱ्याच दिवसांच्या उघडिपीनंतर जो पाऊस येतो त्याच्या पहिल्या काही मिलिमीटरमध्ये हे अणू अधिक दाट असतात. हवेतील धूळ तो पाऊस धुऊन काढतो. वळवाच्या पहिल्या सरीत अंगणात ठेवलेल्या परातीत पाणी गढूळ येते आणि तासाभराने स्वच्छ येते, हे आपण पाहतोच. म्हणून केवळ एका सरीवरून निष्कर्ष काढता येत नाही. पूर्ण पावसाळाभर, प्रत्येक पाऊस वेगवेगळा मोजावा लागतो.

दुसरी, कोरड्या हवेतून पडताना थेंबातील काही पाणी वाटेतच वाफ होऊन जाते. पाणी कमी झाले आणि धूळ तेवढीच राहिली की धुळीवर आलेले अणू दाट दिसतात. पाऊस मोजण्याच्या भांड्यातील पाण्याची वाफ झाली तरी तीच चूक होते. म्हणून नमुन्याची बाटली दर पावसानंतर लगेच घट्ट बंद करावी लागते.

तिसरी, पाऊस नसतानाही धुळीबरोबर हे अणू थोडे थोडे जमिनीवर बसतच असतात. म्हणून कोरड्या महिन्यांत भांडे झाकून ठेवतात व पावसापुरते उघडतात.

बाँबचे ट्रिटियम

येथे एका गोष्टीचा उल्लेख केलाच पाहिजे. १९५० नंतर मोठ्या राष्ट्रांनी उघड्या हवेत हायड्रोजन बाँबच्या चाचण्या केल्या. त्यातून ट्रिटियम एवढे बाहेर पडले की १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धातील पावसात ते निसर्गतः असते त्याच्या शेकडो पटींपर्यंत वाढले. त्याच वर्षी अमेरिका, ब्रिटन व रशिया यांनी हवेतील चाचण्या थांबविण्याचा करार केला. त्यानंतर साठांहून अधिक वर्षे लोटली. ट्रिटियम पाच वेळा निम्मे झाले, पुष्कळसे समुद्रात गेले, आणि आज पावसातील प्रमाण पुन्हा निसर्गाच्या जवळ आले आहे.

माणसाच्या या चुकीतून शास्त्रज्ञांनी एक चांगले काम साधले. त्या काळातील पावसाने जणू जमिनीत एक खूण करून ठेवली होती. ती खूण किती खोल उतरली हे पाहून पाणी दर वर्षी किती मुरते हे कळू लागले. टाटा संस्थेतील सुखीजा व रामा यांनी आपल्या देशातील अर्धशुष्क प्रदेशात असे मोजमाप करून १९७३ साली ते प्रसिद्ध केले.

आज या विद्येचा सोपा नियम असा. विहिरीच्या पाण्यात पावसाइतकेच ट्रिटियम सापडले तर ते पाणी अलीकडच्या पावसाचे. अजिबात सापडले नाही तर ते पाणी १९५० च्या आधी जमिनीत उतरलेले. राजस्थानात जैसलमेरकडील वाळवंटात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी भूगर्भातील पाणी तपासले. त्यात ट्रिटियम जवळजवळ नव्हते, आणि कार्बन-१४ वरून ते काही हजार वर्षांपूर्वीचे ठरले. असे पाणी उपसणे म्हणजे पूर्वजांनी पुरलेला हंडा रिकामा करणे. तो पुन्हा भरत नाही.

दख्खनच्या काळ्या खडकात किती मुरते?

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. बीदर जिल्हा आणि कलबुर्गीचा आळंदकडील उत्तर भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. महाराष्ट्राचा मोठा भागही त्याच खडकाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील आठवले, रमेश चंद व रंगराजन या शास्त्रज्ञांनी अशा खडकाच्या दोन खोऱ्यांत मोजणी करून १९८३ साली ती प्रसिद्ध केली. एक खोरे मराठवाड्यातील गोदावरी-पूर्णेचे, दुसरे पुणे-अहिल्यानगर भागातील कुकडीचे.

त्यांची रीत अशी होती. पावसाळ्यापूर्वी शेतात अर्ध्या-पाऊण मीटर खोलीवर बारीक छिद्रांतून ट्रिटियमचे थोडेसे पाणी सोडून खूण करावयाची. पावसाळा संपल्यावर त्याच जागी खोदून वीतवीतभर थरांची माती काढावयाची आणि खूण किती खाली सरकली ते पाहावयाचे. जमिनीत नवे पाणी शिरले की ते आधीच्या ओलाव्याला खाली रेटते. बसमध्ये मागून माणसे चढली की पुढची पुढे सरकतात तसे. समजा खूण तीस सेंटीमीटर सरकली आणि त्या मातीत शंभर भागांत वीस भाग ओलावा होता, तर तीसचा पाचवा हिस्सा सहा सेंटीमीटर, म्हणजे साठ मिलिमीटर पाणी खाली मुरले.

दोन्ही खोऱ्यांत त्या हंगामात पाऊस सहाशे ते साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास होता. त्यातले भूजलापर्यंत उतरलेले पाणी सरासरी शंभरात सात ते नऊ भाग एवढेच भरले. बाकीचे सारे वाहून गेले, वाफ झाले किंवा पिकांनी प्यायले.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हेच प्रमाण प्रत्येक शेतात असेल असे मात्र समजू नये. भेगाळ काळ्या रानात पहिले पाणी भेगांतून थेट खाली जाते आणि भेगा मिटल्या की मुरणे जवळजवळ थांबते. बीदरच्या पठारावरील जांभा दगड सच्छिद्र आहे, त्यातून पाणी लवकर झिरपते आणि खालच्या चिकट थरावर व काळ्या खडकावर येऊन अडते. पंधराव्या शतकात बहामनी राजवटीत ज्यांनी बीदरजवळ नौबादची करेझ, म्हणजे सुरंग बावी, खोदली, त्यांनी नेमके हेच ओळखून जांभ्याच्या पोटातून बोगदा नेला आणि उताराने पाणी बाहेर काढले. शहाबाद-चित्तापूरकडील फरशीचा चुनखडी खडक व त्याच्या दक्षिणेचा ग्रॅनाइट यांचा स्वभाव पुन्हा निराळा. तरीही अंदाजासाठी शंभरात आठ हा आकडा आपण मनात धरू.

एका एकराचा हिशेब

एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे चार हजार लिटर पाणी होते. वर्षाचा साडेसातशे मिलिमीटर पाऊस धरला तर एकरी तीस लाख लिटर. ऐकायला केवढे मोठे! पण त्याचे शंभरात आठ भाग म्हणजे साठ मिलिमीटर, अर्थात दोन लाख चाळीस हजार लिटर. एवढीच आपल्या एकराची भूगर्भातील वार्षिक कमाई.

आता खर्च पाहा. पिकाला एक भरघोस पाणी पाट सोडून दिले तर पन्नास-साठ मिलिमीटर लागते. म्हणजे एका एकराची वर्षाची मुरलेली कमाई त्याच एकराला एकदा पाणी देण्यात संपते. पाच माणसे आणि चार जनावरे असलेल्या घराला माणशी ५५ व जनावरामागे ५० लिटर धरले तर रोज पावणेपाचशे लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे पावणेदोन लाख लिटर पाणी लागते. एका एकराची बहुतेक कमाई येथेच गेली.

तुरीला फुलोऱ्यात एक पाणी मिळाले तर पीक तरते. तेवढे पाणी आपली जमीन देऊ शकते. उसाचे तसे नाही. उसाला सारे मिळून अठराशे मिलिमीटर धरू. पावसाने सहाशे दिले तरी बाराशे मिलिमीटर, म्हणजे एकरी अठ्ठेचाळीस लाख लिटर, विहिरीतून काढावे लागतात. ही वीस एकरांची कमाई झाली! पाट सोडून दिलेल्या पाण्यातले थोडे परत मुरते हे खरे, आणि कारंजा धरणाचे किंवा भीमेचे पाणी ज्यांना मिळते त्यांचा हिशेब वेगळा. पण केवळ बोअरवर ऊस लावणारा शेतकरी आपल्या एकराचे नव्हे, शेजारच्या एकोणीस एकरांचे पाणी पीत असतो. बोअर त्याच्या मालकीचा असेल, पाणी त्याच्या एकट्याचे नाही.

यावरून आणखी एक गोष्ट उघड होते. दोनशे फुटांचा बोअर आटला म्हणून चारशे, चारशेचा आटला म्हणून सहाशे फूट जाण्याने पावसाची कमाई वाढत नाही. खोल गेल्यावर पाणी लागले तरी ते पुष्कळदा जुने साठवण असते, आणि वर्षातून तेवढेच भरते जेवढे वरून झिरपते. घरातील सोने गहाण ठेवून तिसरा-चौथा बोअर मारणारी आणि वर्षभरात पाणी व सोने दोन्ही गमावणारी कुटुंबे आपल्या गावोगाव आहेत. कर्ज काढण्यापूर्वी हा हिशेब नवराबायकोने एकत्र बसून एकदा तरी मांडावा.

मग पावसाचे पाणी अपायकारक आहे काय?

किरणोत्सर्गी हा शब्द ऐकून कोणी भिऊ नये. पावसाच्या एका लिटरमध्ये बेरिलियम-७ चे सेकंदाला साधारण एक-दोन अणू फुटतात. एका सेकंदाला एक अणू फुटणे याला एक बेकरेल म्हणतात. आपल्या स्वतःच्या शरीरातील पोटॅशियम व कार्बन यांचे सेकंदाला सात-आठ हजार अणू फुटत असतात. किलोभर तूरडाळीतही नैसर्गिक पोटॅशियममुळे चारशेच्या आसपास बेकरेल असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण वरण खातो. पावसातील नैसर्गिक ट्रिटियम लिटरला एका बेकरेलहूनही कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सांगितलेली ट्रिटियमची मर्यादा दहा हजार बेकरेलची आहे.

तेव्हा छपरावरचे पावसाचे पाणी साठवून वापरण्यास या कारणाने हरकत नाही. पहिला पाऊस मात्र वाहू द्यावा. किरणांसाठी नव्हे, तर पक्ष्यांची विष्ठा, पाने व धूळ जाण्यासाठी. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

खरी काळजी वेगळ्याच पाण्याची करावी. पाणी जितका अधिक काळ खडकात राहते तितका खडकाचा अंश त्यात उतरतो. कलबुर्गी जिल्ह्यातील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठ होतात. लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइडचे पाणी पिऊ नये. हे पाणी उकळून उपयोग नाही, उकळल्याने ते उलट दाट होते. उकिरडा, गोठा व शेणखताच्या खड्ड्याजवळील उथळ विहिरीत नायट्रेट वाढते. लिटरला ४५ मिलिग्रॅमवर गेले तर वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते धोक्याचे. यादगीर जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील गोगी येथे खडकात युरेनियम सापडले आहे. ती गोष्ट तेथील खडकाची आहे, पावसाची नव्हे. ज्या गावांना शंका वाटते त्यांनी तर्क करीत न बसता पाण्याची तपासणी करून घ्यावी.

माती वाहून गेल्याचीही साक्ष

पावसाबरोबर आलेले बेरिलियम-७ मातीच्या वरच्या एक-दोन सेंटीमीटरच्या थराला घट्ट चिकटून बसते. शेतात सपाट जागी ते जेवढे सापडते त्याहून उतारावर कमी सापडले तर तेथील वरची माती गेली असे समजावे. बांधाजवळ जास्त सापडले तर ती तेथे येऊन बसली. एका जोरदार पावसाने किती माती नेली हे यावरून कळते. इंग्लंडात १९९० नंतर ही रीत रुळली. आपण यंत्र आणू शकत नाही, पण उताराला आडवी नांगरणी व पेरणी करू शकतो. जी माती थांबते तीच पाणी थांबवते.

आपण काय करावे?

१. सरळ भिंतीचा डबा उघड्या जागी ठेवून प्रत्येक पाऊस पट्टीने मोजावा व तारखेसह वहीत लिहावा. शाळेतील मुलांना हे काम आवडते.

२. दिवाळीस, नाताळास व पाडव्यास दोराला दगड बांधून विहिरीचे पाणी किती खोल आहे ते मोजावे. दिवाळीच्या पातळीवरून रब्बीला काय पेरावे ते ठरवावे.

३. पिण्याचे व जनावरांचे पाणी हिशेबात आधी बाजूला काढावे. उरलेल्यावर पीक.

४. बांधबंदिस्ती करावी आणि शेततळे, ज्याला इकडे कृषी होंडा म्हणतात, ते खोदावे. शंभरातले आठ भाग वाढविणे कठीण असले तरी वाहून जाणारे पाणी अडविणे आपल्या हातात आहे. काळ्या रानातील तळ्यातून पाणी कमी झिरपते, म्हणून तुरीला वा हरभऱ्याला एक पाणी देण्यास ते बरे पडते. माळावर व जांभ्यावर मात्र पाणी मुरविण्याचे खड्डे अधिक उपयोगी.

५. ठिबक सिंचन चांगले. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर भिजवले तर बचत होत नाही, हे विसरू नये.

६. नवा बोअर मारण्यापूर्वी आजूबाजूचे बोअर किती खोल आहेत आणि उन्हाळ्यात कोणते चालतात याची यादी करावी. जिल्ह्याच्या भूजल कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

७. पिण्याचा बोअर असेल तर वर्षातून एकदा पाणी तपासून फ्लोराइड व नायट्रेट यांचे आकडे लिहून घ्यावेत.

एका गावातील पुष्कळशा विहिरी जमिनीखाली एकमेकींशी जोडलेल्या असतात. म्हणून यातील दुसरे व सहावे काम एकट्याने न करता आळीतील दहा-बारा शेतकऱ्यांनी मिळून करावे, म्हणजे गावाची वही तयार होईल. मुंबईच्या शास्त्रज्ञांनी थेंबातला एकेक अणू मोजला. आपण निदान विहिरीतला एकेक फूट मोजण्यास या पावसाळ्यानंतर आरंभ करावा.